पाल्याची मूठ

कडबा किती वाजता बांधायचा, असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. वाजण्याचा काय संबंध? एसटी आहे का ती? आमचे हे सुप्याला कारखान्यात जातात. तीन पाळ्यांत त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीला वाजलेलं लागतं. दर साली ज्वारी उपटून झाली की मोबाईल काढतात आणि हवेत दमटपणा किती टक्के आहे ते मला वाचून दाखवतात. मी म्हणते, बरं. त्या मोबाईलला म्हणावं, ये पहाटे वावरात आणि बांध चार पेंढ्या.

ज्यांच्या घरी गुरं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी उपटायची, कणसं मोडून घ्यायची, मागे राहिलेली ताटं आडवी पसरून वाळवायची. हा कडबा. त्याच्या पेंढ्या बांधून गंज रचला की पाऊस पडेपर्यंत गुरांची सोय झाली. पण कडब्यात खरं खाणं असतं ते पाल्यात. ताट म्हणजे नुसती काठी. आणि पाला वाळला की इतका नाजूक होतो की दुपारच्या उन्हात हात लावला तर त्याचा चुरा होतो. म्हणजे पाला वावरात राहतो आणि काठ्या घरी येतात. मग दव असताना बांधावा म्हणाल, तर तेही सरसकट खरं नाही. दव फार असलं की पेंढीच्या पोटात पाणी जातं, गंज आतून तापतो, कडबा काळा पडतो, आणि गाय एकदा हुंगून तोंड फिरवते ती फिरवतेच. या दोन्हींच्या मधे थोडी वेळ असते. पाल्यानं दव पिऊन घेतलेलं असतं, तो मऊ झालेला असतो, पण टपकत नसतो. कधी ही वेळ तीन तास टिकते, कधी तासभरसुद्धा टिकत नाही. धुकं पडलं, वारं सुटलं, शेजारच्यानं कांद्याला रात्रीचं पाणी दिलं, की ती पुढेमागे सरकते.

हे सगळं मला आता कळतं. लग्न होऊन आले तेव्हा काही म्हणजे काही कळत नव्हतं. माझं माहेर श्रीरामपूरकडचं, कॅनॉलखालचं. तिथे घरोघरी ऊस, गुरांना उसाचं वाढं. कडबा आम्ही टेम्पोतून जाताना पाहिलेला. इकडे आले आणि पहिल्याच साली मला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवावं. घरची सगळी जेवून पडलेली पाहून मी भर दुपारी एकटी वावरात गेले आणि चाळीस पेंढ्या बांधून काढल्या. बंधसुद्धा ताटांचाच घालतात, दोन-तीन ताटं पिळून. ती कडाकडा मोडत होती, तर मी घरातून जुनं लुगडं नेऊन त्याच्या चिंध्या केल्या. हाताला फोड आले. कौतुक होणार म्हणून मी त्या पेंढ्या एका ओळीत मांडून ठेवल्या.

संध्याकाळी माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. त्यांनी एक पेंढी उचलली, हलवली, आणि खाली पडलेला पाल्याचा चुरा पायानं जरा पसरवला. मग म्हणाल्या, "ह्या पेंढ्या न्हाईत गं. ह्या काठ्या हायेत. गावातल्या म्हाताऱ्यांना वाट एकेक." आणि गेल्या. ज्या लुगड्याच्या चिंध्या केल्या ते त्यांचंच होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या एका वाक्याचा राग मी किती वर्षं धरला, सांगायला लाज वाटते. पण शिकवलंही त्यांनीच. दुसऱ्या दिवशी पहाटे मला हाताला धरून उठवलं आणि वावरात नेलं. पाला मुठीत धरला, माझ्या मुठीत दिला, वरून स्वतःची मूठ आवळली. म्हणाल्या, "कुरकुरला की उशीर झाला. तळवा वला झाला की लवकर हाय. पाला गप ऱ्हायला आन् तळवा कोरडा ऱ्हायला, मंग बांधायचं." त्या दिवशी पाला गप होता. आम्ही दोघींनी ऊन चढेपर्यंत बांधलं आणि एक पान खाली पडलं नाही. मला आतून इतकं बरं वाटलं होतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. मीही काही कमी नाही.

पुढे वाटण्या झाल्या. थोरले दीर गेले. बाईंचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. बाई जुन्या वस्तीवर एकट्या राहतात, आम्ही ओढ्याच्या अलीकडे घर बांधलं. मधे बांधावरच्या एका बोरीवरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. बोरं मुलं पाडायची आणि भांडायच्या आम्ही. पण त्या दोन वर्षांतही सावड मोडली नाही. सावड म्हणजे आज आम्ही तुमच्यात राबायचं, उद्या तुम्ही आमच्यात. आमच्या सावडीत तीन घरं, बाई, आम्ही, आणि पलीकडच्या वस्तीवरचे एक नवरा-बायको. पहिला कडबा बाईंचा, मग आमचा, मग त्यांचा. आणि वावर कुणाचंही असो, वेळ सांगायची बाईंनीच. पहाटे आम्ही बांधावर चहा पीत बसायचो. बाई बॅटरी घेऊन वावरात जायच्या, ठिकठिकाणी वाकून मूठ दाबून बघायच्या, आणि मग त्यांची हाक यायची, "चला." तोपर्यंत कुणी उठायचं नाही. बोलणं बंद असलेल्या सालीसुद्धा ती हाक मला धरूनच असायची.

यंदाची गोष्ट वेगळी होती, कारण यंदा माझा जीव टांगणीला लागलेला होता.

माझ्याकडे एक कालवड आहे. कपाळावर पांढरा ठिपका आहे तिच्या. तिची आई विताना गेली, तेव्हा हिला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. दिवसातून चार वेळा, स्वतःच्या पोरांनाही इतक्या वेळेवर दिलं नसेल. माझा आवाज आला की दाव्याला हिसडे देते. यंदा ती पहिल्यांदा गाभण राहिली. आणि यंदाच नेमका चाऱ्याचा घोळ झाला. निम्म्या रानात कांदा केला होता, ज्वारी जेमतेम एकरभर. मागचा राहिलेला गंज दिवाळीनंतरच्या पावसात भिजून वाया गेलेला. आमच्या ह्यांनी गोठ्यात उभं राहून हिशेब केला आणि म्हणाले, "ह्या वावरातला कडबा पावसापर्यंत पुरला तर ठेवू तिला. नाय पुरला तर घोडेगाव." घोडेगावला गुरांचा बाजार भरतो. गाभण कालवडीला तिथे हां हां म्हणता गिऱ्हाईक मिळतं.

मी गोठ्यातून निघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात भाकरी आणि नुसतं मीठ दिलं. डबा रिकामाच परत आला. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. एकरभराचा कडबा, त्यातलं पानन् पान पेंढीत आलं तरच भागणार होतं. एक पहाट चुकली की कालवड गेली.

पहिला दिवस बाईंच्या वावराचा. सगळीकडे कांद्याला रात्रीचं पाणी चाललेलं, त्यात चार दिवस धुकं. दव असं पडलेलं की बांधावरून चालताना कपडे गुडघ्यापर्यंत भिजले. नेहमीच्या साली आम्ही अंधार असतानाच सुरुवात करतो, पण यंदा दिवस उगवून वर आल्याशिवाय पाला हाती घेण्यासारखा होणार नाही, असं मला वाटत होतं. तेवढ्यात बाईंची हाक आली, "चला." बॅटरीशिवाय दिसतही नव्हतं अजून.

मी जाऊन पहिला पाला मुठीत दाबला. तळवा ओला कसला, बोटांच्या फटींतून पाणी आलं. मी म्हटलं, "बाई, पानी हाय अजून."

"तुझ्या म्हायेरी ऊस हाय. तुला काय कळतंय कडब्यातलं," बाई म्हणाल्या.

सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांनी परत तेच. मी म्हटलं, मरू दे, तुमचा कडबा, तुमचं नशीब. तोंड मिटलं आणि भराभरा बांधत सुटले. पेंढ्या एरवी आम्ही दोन दिवस उन्हात उभ्या करून ठेवतो आणि मग गंज रचतो. म्हणजे थोडंफार दव राहिलंच तर उडून जातं. पण आभाळ भरून आलेलं, गारपिटीच्या बातम्या, म्हणून त्याच दिवशी गंज रचला आणि वरून ताडपत्री बांधली. परतताना बाईंच्या एका पायात चप्पल नव्हती. मी मागून म्हटलं, "बाई, चप्पल वावरात ऱ्हायली की." त्यांनी खाली पाहिलं, जरा थांबल्या, आणि परत फिरल्या. मला हसू आलं. भल्या हुशार, आणि पायातली चप्पल सुटलेली कळत नाही.

एक दिवस सोडून आमचा कडबा बांधायचा होता. त्या मधल्या दिवशी सकाळी मी बाईंच्या वस्तीवर विळा मागायला गेले. गंजाजवळून जाताना वास आला. गूळ करपल्यासारखा जरासा गोड, जरासा कुजका. मी थांबले आणि ताडपत्री उचलून दोन पेंढ्यांच्या मधे हात घातला. हात झटकन मागे आला. आत रटरटत होतं. दोन दिवस झाले नव्हते आणि गंज तापला होता.

मी हाक मारली. बाई चुलीपुढून उठून आल्या. मी म्हटलं, "बाई, तापलाय गंज. घाला हात." माझ्या आवाजात थोडा आनंद होता, खोटं कशाला सांगू. बाईंनी मी घातला होता तिथेच हात घातला. पंजा आत गेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात तसाच ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाल्या, "कुठं काय? गार तर हाय."

मला वाटलं, हेका. चूक कबूल करायची नाही म्हणून म्हणतायत. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि मला त्यांचा तळवा दिसला. मधोमध एक फोड होता, मोठा, पाण्यानं भरलेला. बाजूला एक जुना, वाळलेला. चुलीवरच्या तव्याचेच वाटले. मी विचारलं, "हे कशानं झालं?" बाईंनी तळव्याकडे असं पाहिलं, जसा तो फोड त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. "आसंल कायतरी," म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतला.

मग मला सगळं एकदम कळलं. त्यांना साखरेचा आजार आहे, हे आम्हाला माहीत होतं, गोळ्या घेतात हेही माहीत होतं. पण तळवे बधिर झालेत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चप्पल सुटलेली कळली नाही. पाल्यातलं पाणी कळलं नाही. बिचाऱ्या तिथे उभ्या राहून मूठ दाबत राहिल्या असतील, आणि मुठीनं काहीच सांगितलं नाही, तेव्हा नेहमीच्या सवयीनं हाक मारली असेल. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. माया आली, आणि एवढं लपवून ठेवलं म्हणून वेगळाच एक संतापही आला.

मी एवढंच म्हटलं, "आभाळानं घात केला बाई. चला, उपसून काढू." आम्ही दोघींनी गंज उपसला, पेंढ्या उन्हात पसरल्या. मधल्या थरातल्या काळ्या पडल्या होत्या, त्या उकिरड्यावर टाकल्या. बाकीच्या वाचल्या. बाई दिवसभर आभाळाला शिव्या देत होत्या. मीही चार दिल्या.

पण घरी आल्यावर मला उद्याचं आठवलं. उद्या माझं वावर. उद्या बाई अशाच मूठ दाबतील आणि हाक मारतील. दवाची तीच तऱ्हा होती, तेच धुकं, तीच गारपिटीची भीती, त्यामुळे माझाही गंज त्याच दिवशी रचायचा होता. बाईंच्या गंजाचं झालं ते माझ्या गंजाचं झालं की कालवडीचा प्रश्न मिटलाच. आणि मी सगळ्यांसमोर म्हणायचं का, की बाई, तुम्हाला कळत नाही आता? इतकी वर्षं सगळे त्यांच्या हाकेवर उठलेत. एकट्या राहतात. बाकी काय उरलंय त्यांच्याजवळ, एवढी ती हाकच तर आहे. मी ह्यांना सांगणार होते, पण ह्यांनी मोबाईल काढून टक्के वाचले असते. म्हणून नाही सांगितलं.

पहाटे सगळे आले. ह्यांनी पाळी बदलून घेतली होती. मी घरून चहा करून नेला होता, तो बांधावर बसून झाला. बाई वावरात गेल्या. त्यांची बॅटरी इकडेतिकडे फिरताना दिसत होती, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग हाक आली, "चला." पण नेहमीसारखी खणखणीत नव्हती.

सगळे उठले. मी पायाशी पडलेल्या ताटाचा पाला दाबला. पाणी मनगटापर्यंत आलं.

"थांबा," मी म्हटलं. "चहा व्हायचाय."

"आत्ता तर झाला की," पलीकडच्या वस्तीवरचा शेजारी म्हणाला.

"तो घरचा झाला. वावरातला न्हाई झाला. माझ्या वावरात चहा उकळल्याबिगर पयली पेंढी बांधत न्हाईत."

"ही रीत कवापासनं?"

"आजपासनं."

त्याची बायको पदरात तोंड खुपसून हसायला लागली. आमचे हे म्हणाले, "अगं, उजाडंल आता. वेडी झालीस का?" मी म्हटलं, "तुमी दगडं आना तीन." माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. मी एकदा अडून बसले की कुणी वाद घालत नाही, उगाच दिवस खराब होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तापट नावाचा उपयोग झाला.

मग मी जो काय चहा केला. दूध घरी राहिलं म्हणून घरी गेले, सावकाश. येताना कालवडीला थोपटून आले. काटक्या दवानं भिजलेल्या, त्या पेटेनात, तर मी कुणाला रॉकेल आणू दिलं नाही, फुंकत बसले. धुरानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. पाणी उकळलं, पत्ती टाकली, आलं ठेचायला दगड सापडेना. शेजारी म्हणाला, "वैनी, लगीन हाय का कुनाचं?" मी म्हटलं, "तुमचंच लावू का परत?" त्याची बायको म्हणाली, "लावा, पर दुसरीसंगं लावा." ह्यात पूर्वेला तांबडं फुटलं, दिवस वर आला, धुकं उठायला लागलं, आणि थोडं वारं आलं.

बाई जरा बाजूला बसून माझ्याकडे एकटक बघत होत्या. चहा झाला तेव्हा मी आधी त्यांचा कप काढला आणि मग पातेल्यात साखर टाकली. त्या नेहमी सगळ्यांसारखाच गोड चहा प्यायच्या, कुणी काही विचारू नये म्हणून. मी कप पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, कपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फेकतात की काय. पण त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

कप पालथा ठेवून बाई उठल्या. वावरात दोन पावलं गेल्या, वाकल्या, पाल्याची मूठ भरली. आणि तशाच माझ्याकडे आल्या. "धर गं जरा," म्हणाल्या. "पदर सुटलाय माझा."

पदर सुटलेला नव्हता. घट्ट खोचलेला होता. मी तो पाला हातात घेतला आणि दाबला. पाला मऊ होता. आवाज केला नाही. मूठ उघडली तर तळवा कोरडा. मी मान हलवली, एवढीशी, आमच्या दोघींतच राहील एवढी.

बाई सगळ्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चला." ओढ्यापलीकडे ऐकू गेलं असेल. जुनी हाक होती ती. मला रडू आलं, पण चुलीचा धूर होताच, तो कामाला आला.

मग जे बांधलं ते असं बांधलं की मला शब्द नाहीत. ताटं वाकत होती, मोडत नव्हती. बंधाला पीळ घातला की बसत होता. पाला पेंढीला अंगासरशी चिकटून येत होता, मागे वावर स्वच्छ. बाई माझ्या शेजारच्या ओळीला होत्या. त्यांची बोटं काम विसरली नव्हती, फक्त त्या बंधाकडे बघून गाठ मारत होत्या. मी हे आधी पाहिलं नव्हतं. त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "चहात साखर न्हवती."

"न्हवती."

"कवा कळलं तुला?"

"गंजात हात घातला तवा."

त्यांनी हातातली पेंढी बांधून ठेवली. मग म्हणाल्या, "कुनाला बोलू नगं."

"मी कशाला बोलू? माझ्या म्हायेरी ऊस हाय, मला काय कळतंय?"

बाई हसल्या. त्या हसताना आवाज करत नाहीत, नुसते खांदे हलतात. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याला त्या पहिल्यांदा हसल्या असतील. मला पहिल्या साली त्यांच्याकडून कौतुक हवं होतं ना, ते मला त्या पहाटे मिळालं असं मी धरून चालते.

ऊन तापायला लागलं आणि पाला कुरकुरायला लागला. ते कानांनीच कळलं, बाईंनाही कळलं. त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले. राहिलेलं दुसऱ्या पहाटे बांधलं, तेव्हाही वावरातल्या चहाची रीत पाळली. शेजारी म्हणाला, आता ही रीत आमच्या वावरातही पाळायला पाहिजे. मी म्हटलं, पाळायलाच पाहिजे. शेजाऱ्याच्या वावरात बाईंनी माझ्या हातात पाला दिला तो आपल्या डोळ्यांत कचरा गेला म्हणून. दर वेळी काहीतरी नवं कारण असायचं. मी मान हलवायची आणि हाक त्या मारायच्या.

गंज रचल्यावर मी आठ दिवस रोज सकाळी त्यात हात घालत होते. गार. सोन्यासारखा पिवळा कडबा, पाल्यासकट. आमचे हे एकदा गंजाभोवती फेरी मारून आले, पेंढी उपसून बघितली, हुंगली, आणि म्हणाले, "जून म्हयना काढंल." घोडेगावचं नाव त्यानंतर त्यांनी घेतलं नाही. त्या दिवशी डब्यात मी त्यांना अंड्याची पोळी दिली. बाईंना मात्र मी भांडून नगरला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या बदलल्या, रोज पाय बघायला सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, पण आता पुढे जास्त होऊ द्यायचं नाही, असं ते म्हणाले. तव्यासाठी मी त्यांना लांब मुठीचा चिमटा आणून दिला. तो त्या वापरतात की नाही ते मी अचानक जाऊन बघते.

वैशाखात दुपारी कालवड व्यायली. ऊन रणरणत होतं, हे घरी होते, शेजारी आणि त्याची बायको धावत आले. मी बाईंना बोलावणं पाठवलं होतं, त्या येईपर्यंत वासरू बाहेर आलं. कालवडच झाली. पहिलटकरीण असल्यानं आई बावरून बाजूला झाली, चाटेना. बाईंनी येताच गोणपाट ओढलं, खाली बसल्या आणि वासराला पुसायला लागल्या. पाठ पुसली, पोट पुसलं, कान पुसले. मग गोणपाट ठेवून त्यांनी वासराच्या अंगावरून उघडा तळवा फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि थांबल्या.

मला कळलं काय झालं ते. मी पुढे होऊन काहीतरी निमित्त काढणार होते, हाच आमचा रिवाज झाला होता. तेवढ्यात बाईंनी मान वर केली. सगळे उभे होते, आमचे हे, शेजारी, त्याची बायको. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाईंनी मला विचारलं, "वलं हाय का गं अजून? मला कळत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि वासरावरून हात फिरवला.

"हाय बाई," मी म्हटलं. "मानेखाली हाय अजून."

बाईंनी गोणपाट घेतलं आणि मानेखाली पुसलं.